सही झालेल्या पीडीएफला हात लावू नका

प्रश्न : चिंचवडला माझं शीट मेटलचं छोटं वर्कशॉप आहे. आम्ही दोन भागीदार, दुसरे नाशिकला असतात. एका मोठ्या कंपनीने वर्षभराच्या जॉबवर्कचा करार पाठवून दोघांच्या डिजिटल सह्यांची पीडीएफ मागितली. पहिल्यांदा मी मोबाइलवर सहीचा फोटो चिकटवून फाइल पाठवली, ती परत आली. मग टोकन (पेन ड्राइव्हसारखं डिजिटल सहीचं उपकरण) लावून सही केली, तर भागीदारांच्या कम्प्युटरवर सही करायचा पर्यायच येईना. नवी फाइल करून शेवटी दोघांच्याही सह्या झाल्या. पण फाइल मोठी होती, म्हणून ऑफिसातल्या मुलाने एका फुकट वेबसाइटवर ती लहान केली, तिला जीएसटी प्रमाणपत्र आणि कॅन्सल चेक जोडला आणि पाठवून दिली. आता कंपनी म्हणते, यात सह्याच नाहीत. मला तर दोन्ही सह्या डोळ्यांना दिसतात! शिवाय कंपनीने तिच्या सहीचं जे पत्र पाठवलं त्यावर पिवळं प्रश्नचिन्ह येतं. आमचं मराठी संमतिपत्र पीडीएफमध्ये दुरुस्त करायला गेलो, तर अक्षरं तुटली. हे सगळं नीट कसं करायचं?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : कंपनीचं म्हणणं बरोबर आहे आणि तुम्हाला सह्या दिसतात हेही खरं आहे. तुम्हाला दिसतं ते सहीचं चित्र. सही त्या चित्रात नसते.

टोकन लावून सही करता तेव्हा सॉफ्टवेअर फाइलमधल्या एकूण एक बाइटवरून (सहीसाठी राखून ठेवलेली जागा तेवढी सोडून) एक छोटा ठसा काढतं. त्याला हॅश म्हणतात. हा ठसा टोकनमधल्या खासगी किल्लीने, म्हणजे फक्त तुमच्याकडे असलेल्या गुप्त संकेताने, बांधला जातो आणि तुमची ओळख सांगणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रासह पीडीएफच्या पोटात जाऊन बसतो. समोरचा माणूस फाइल उघडतो तेव्हा त्याचं सॉफ्टवेअर ठसा पुन्हा मोजतं आणि दोन्ही जुळतात का ते बघतं. एक स्वल्पविराम बदलला तरी ते जुळत नाहीत. पानावर नाव, तारीख, वेळ असा जो चौकोन येतो तो माणसाला कळावं म्हणून. त्याचा स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कागदावर लावला तरी तो अगदी तसाच दिसेल आणि त्याला शून्य अर्थ असेल.

फाइल लहान करणारी वेबसाइट काय करते? ती अख्खी पीडीएफ नव्याने लिहिते. चित्रं दाबते, फाँट छाटते आणि सहीचा भाग तिच्या दृष्टीने अडगळ असल्यामुळे काढून टाकते. दोन पीडीएफ एकत्र जोडतानाही हेच होतं. ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं तरी हेच. कितीतरी ऑफिसांत सही झालेली फाइल ‘जरा नीट सेव्ह करू’ म्हणून पुन्हा प्रिंट टू पीडीएफ केली जाते आणि सही तिथेच जाते. पहिल्यांदा तुम्ही जे केलं, म्हणजे मोबाइलवर बोटाने किंवा फोटोने सही, त्यात तर ठसा निघालेलाच नव्हता. ॲक्रोबॅट या पीडीएफच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फिल अँड साइन’ आणि ‘डिजिटली साइन’ असे दोन वेगळे पर्याय असतात. पहिला म्हणजे पानावर चित्र ठेवणं, दुसरा म्हणजे सही.

चित्राची सही कायद्यात अगदीच कुचकामी असते असं मात्र नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 10अ नुसार करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून अवैध ठरत नाही. मेलवरची बोलणी आणि पुढे झालेला व्यवहार यांवरून संमती सिद्ध करता येते. पण ती सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. याच कायद्याच्या कलम 3 आणि 3अ मध्ये मान्य केलेल्या सह्यांत चित्र बसत नाही. म्हणून कंपनी हटून बसली आहे, आणि तिने बसावंच.

आता कामाला सुरुवातीपासून लागू. जुन्या फाइलमध्ये डागडुजी करत बसू नका. ती गेली.

मजकूर वर्डमध्ये किंवा गूगल डॉक्समध्ये असतानाच पक्का करा. पीडीएफ हा दुरुस्तीचा कागद नव्हे. मराठीच्या बाबतीत तर हे कसोशीने पाळा. पीडीएफमध्ये अक्षरं शब्द म्हणून साठवलेली नसतात, फाँटमधले आकार आणि त्यांच्या जागा साठवलेल्या असतात. ‘कि’मध्ये टाइप करताना आधी क आणि मग वेलांटी येते, पण कागदावर वेलांटी आधी उमटते. ‘र्‍या’, ‘क्ष’, ‘त्त्व’ अशी जोडाक्षरं तर फाँटमधल्या खास वेगळ्या आकारांनी बनतात. ऑनलाइन पीडीएफ एडिटर हे आकार मागे वळवून पुन्हा अक्षरं करायला जातो आणि वेलांट्या भलतीकडे, रफार हवेत, जोडाक्षरांच्या जागी रिकामे चौकोन असा सगळा गोंधळ होतो. मूळ संमतिपत्र जुन्या फाँटमध्ये, म्हणजे श्रीलिपी, कृतीदेव किंवा योगेशमध्ये टाइप केलेलं असेल, तर दुसऱ्याच्या कम्प्युटरवर ते इंग्रजी अक्षरांचं जंजाळ होऊन उघडेल. ते एकदा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कम्प्युटरवर सारखं वाचता येणाऱ्या पद्धतीत, आणा. कन्व्हर्टर वापरलात तरी नंतर डोळ्यांखालून घाला, कारण ‘ऱ्ह’, ‘श्र’, ‘द्ध’ आणि अंक इथे हमखास चुका राहतात. मग निर्मला यूआय, मंगल, मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी यांपैकी कुठलाही फाँट घ्या.

वर्डमधून पीडीएफ करताना ‘सेव्ह ॲज’मध्ये पीडीएफ निवडून ‘ऑप्शन्स’ उघडा आणि ‘पीडीएफ/ए कंप्लायंट’ला खूण करा. या प्रकारात फाँट फाइलमध्येच बसवावे लागतात, त्यामुळे कंपनीकडे तो फाँट नसला तरी पान तसंच दिसतं.

मसुदा पक्का करताना एक काम बहुतेक लोक टाळतात आणि नंतर हळहळतात. कंपनीने पाठवलेला ‘फायनल’ मसुदा आणि बोलणी ठरली तेव्हाचा मसुदा यांची तुलना करा. वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’ टॅबवर ‘कंपेअर’ आहे. डावीकडे जुनी फाइल, उजवीकडे नवी फाइल दिली की बदललेला प्रत्येक शब्द लाल होऊन समोर येतो. ट्रॅक चेंजेस (बदलांची नोंद ठेवणारी सोय) बंद ठेवून केलेले बदलही यात सापडतात. रकमा, मुदती, दंडाची कलमं आणि करार संपवण्याच्या नोटिशीचे दिवस, एवढं तरी नक्की बघा. तुमचं वर्कशॉप उद्यम नोंदणी असलेलं सूक्ष्म किंवा लघु युनिट असेल, तर पैसे देण्याची मुदत खास तपासा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा, 2006 च्या कलम 15 नुसार करारात काहीही लिहिलं तरी ही मुदत माल किंवा काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांपुढे जाऊ शकत नाही. तिथे 90 छापून आलं असेल तर सही करण्याआधी बोला.

गूगल डॉक्सवर भागीदारांसोबत एकत्र काम करत असाल, तर त्यांना ‘सजेस्टिंग’ पद्धतीत बदल करायला सांगा. म्हणजे मूळ मजकूर शाबूत राहतो आणि सुचवलेलं वेगळं दिसतं. ठरलेल्या मसुद्याला ‘व्हर्जन हिस्टरी’मध्ये नाव देऊन ठेवा, ‘दोघांना मान्य’ असं काहीही. वर्डची फाइल बाहेर पाठवायची वेळ आली, तर आधी ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ असं जाऊन आतल्या टिपा आणि जुने बदल साफ करा. तुमच्या दोघांच्या दराबद्दलच्या खासगी टिपा कंपनीच्या खरेदी विभागाने वाचायला नकोत.

मजकूर गोठला की जोडायचं ते सगळं आत्ता, सहीच्या आधी जोडा : जोडपत्रं, दरपत्रक, संमतिपत्र, पान क्रमांक. लहान करायची तर तीही आत्ताच करा. पण बघा, वर्डमधून थेट निघालेली पीडीएफ सहसा जड नसते. जड होतात ते स्कॅन. 600 डीपीआय (म्हणजे इंचाला 600 ठिपके) रंगीत स्कॅन केलेलं जीएसटी प्रमाणपत्र अख्ख्या करारापेक्षा मोठं होतं. स्कॅन मुळातच 150 ते 200 डीपीआय, ग्रेस्केलमध्ये करा, म्हणजे दाबण्याची गरजच उरणार नाही. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे, त्यात असे डझनावारी कागद बसतात. जीएसटी प्रमाणपत्र आणि कॅन्सल चेक हे कराराचे भागच नाहीत, ते स्वतंत्र फाइल म्हणून पाठवा.

आणि ती फुकटची वेबसाइट. तिच्यावर तुमचा करार, बँक खात्याचा नंबर आणि कदाचित पॅनही जाऊन आलं आहे. फाइल तासाभरात पुसतो असं अशा साइट लिहितात, पण ते तपासायची सोय तुमच्याकडे नाही. पीडीएफ जोडणं, पानं वेगळी करणं, लहान करणं ही कामं इंटरनेटशिवाय कम्प्युटरवरच होतात. जोडायला आणि पानं काढायला पीडीएफसॅम बेसिक किंवा पीडीएफ24 ची डेस्कटॉप आवृत्ती आहे, आणि लिबरऑफिस ड्रॉही आहे. सगळी फुकट आहेत. ऑफिसातल्या मुलाला रागावू नका, ही साधनं बसवून द्या.

आता सही. टोकन लावा, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कम्प्युटरला टोकन ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर, बसलेला आहे ना ते बघा (ई-पास, प्रॉक्सकी, एमटोकन, प्रत्येकाचा वेगळा असतो), मग ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइल उघडा. ‘ऑल टूल्स’मध्ये ‘यूज अ सर्टिफिकेट’ आणि त्यात ‘डिजिटली साइन’ आहे. जुन्या आवृत्तीत ‘टूल्स’मध्ये ‘सर्टिफिकेट्स’. माउसने चौकोन ओढा, यादीतून तुमचं नाव निवडा. यादीत नाव आलंच नाही तर दहापैकी नऊ वेळा ड्रायव्हरचा घोळ असतो. ड्रायव्हर बसवून कम्प्युटर बंद-चालू करा.

पुढच्या खिडकीत ‘लॉक डॉक्युमेंट आफ्टर सायनिंग’ अशी एक छोटी चौकट येते. भागीदारांच्या कम्प्युटरवर सहीचा पर्याय आला नाही तो बहुतेक हिच्यामुळेच. तुम्ही सही करताना तिथे खूण राहिली आणि फाइलला कुलूप लागलं. पहिल्या माणसाने ही खूण कधीही करायची नाही. ज्याच्यानंतर कोणीच सही करणार नाही, त्यानेच करायची. तुमच्या बाबतीत कंपनीची सही शेवटी असेल तर भागीदारांनीही ती करू नये. ‘सर्टिफाय’ नावाचा वेगळा पर्यायही टाळा. त्यात ‘नो चेंजेस अलाउड’ निवडलं गेलं की पुढच्या सहीची वाट बंद होते.

मग पिन टाका आणि फाइल नव्या नावाने सेव्ह करा. पिन सलग ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं आणि काही टोकनांत ते उघडायला आतलं प्रमाणपत्रच पुसावं लागतं, म्हणजे नव्याने पैसे भरा. दोनदा चुकलात तर थांबा आणि लिहून ठेवलेला पिन शोधा.

सही झालेली ही फाइल, जशी आहे तशी, भागीदारांना पाठवा. त्यांनी त्यात दुसरी सही करायची. इथे शंका येते की दुसऱ्या सहीने पहिलीचा ठसा बिघडणार नाही का? नाही बिघडत, कारण ॲक्रोबॅट दुसरी सही फाइलच्या शेपटाला जोडतं, आधीच्या बाइटला स्पर्श करत नाही. तुमची सही तिच्या वेळेपर्यंतच्या मजकुराची साक्ष देते, भागीदारांची त्यात तुमच्या सहीसकट सगळ्याची. दोघांनी दोन वेगळ्या प्रतींवर सह्या करून नंतर त्या एकत्र करता येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. अनेकांना वेळ वाचवायला ते सुचतं.

याच रचनेचा आणखी एक फायदा आहे. सही झाल्यावर कोणी नुसती टीप लिहिली किंवा ओळ अधोरेखित केली असेल, तर ॲक्रोबॅटच्या सिग्नेचर पॅनेलमध्ये सहीच्या खाली ‘क्लिक टू व्ह्यू धिस व्हर्जन’ दिसतं. ते दाबलं की सहीच्या क्षणीची फाइल जशीच्या तशी उघडते, ती वेगळी सेव्ह करून घ्या. लहान केलेल्या किंवा जोडलेल्या फाइलमध्ये हे मिळत नाही, तिथे जुनं काही उरलेलंच नसतं.

कंपनी ‘प्रत्येक पानावर सही’ मागेल. कागदाच्या काळातली ही सवय आहे, मधलं पान बदलू नये म्हणून. डिजिटल सहीत एकच सही सगळ्या पानांना बांधते. मधलं पान बदललं तर ती लगेच मोडते. हे त्यांना मेलवर समजावून बघा. नाहीच ऐकलं तर प्रत्येक पानावर सहीचा चौकोन उमटवणारी सॉफ्टवेअर मिळतात. पण पानागणिक वेगळी सही करत बसू नका, 30 पानांना 30 वेळा पिन टाकावा लागेल.

पिवळ्या प्रश्नचिन्हाकडे येऊ. ते दिसलं म्हणजे सही खोटी आहे असं नाही. ‘ही सही कोणाची ते मला ओळखता येत नाही’ एवढंच तुमचं ॲक्रोबॅट म्हणतं आहे. भारतात सहीची प्रमाणपत्रं देणाऱ्या सगळ्या संस्थांना कंट्रोलर ऑफ सर्टिफायिंग ऑथॉरिटीज, म्हणजे सीसीए, परवाना देतं. त्यांच्या साखळीच्या टोकाला ‘सीसीए इंडिया’ नावाचं मूळ प्रमाणपत्र असतं. तुमच्या कम्प्युटरला ते माहीत नसलं की प्रश्नचिन्ह येतं. ई-आधार किंवा डिजिलॉकरच्या कागदांवर येतं तेही याचमुळे.

हे एकदाच दुरुस्त करायचं. सहीवर उजवी क्लिक करून ‘शो सिग्नेचर प्रॉपर्टीज’ आणि त्यात ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’ उघडा. डावीकडे नावांची उतरंड दिसेल : सगळ्यांत वर ‘सीसीए इंडिया’ आणि पुढे वर्ष, मग परवानाधारक संस्था, तळाला सही करणारी व्यक्ती. सगळ्यांत वरचं नाव निवडा. ‘ट्रस्ट’ टॅबवर ‘ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’ दाबा. पुढच्या खिडकीत ‘यूज धिस सर्टिफिकेट ॲज अ ट्रस्टेड रूट’ला खूण करा, ‘ओके’ करत बाहेर या आणि ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’ दाबा. हिरवी खूण येईल आणि पुढे त्याच मूळ प्रमाणपत्राखालच्या सगळ्या सह्यांना येत राहील.

पण हात आखडून. ॲक्रोबॅटमध्ये कोणीही, कुठल्याही नावाने, स्वतःच स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र दोन मिनिटांत बनवू शकतो. त्यावरही असंच पिवळं चिन्ह येतं, आणि तुम्ही डोळे मिटून ‘ट्रस्ट’ केलंत तर हिरवं होतं! फरक त्या उतरंडीत कळतो. घरगुती प्रमाणपत्राला वर कोणी नसतं, एकच नाव असतं. वर ‘सीसीए इंडिया’ नसेल तर काहीही न दाबता थांबा आणि कंपनीला फोन करा. खात्री हवी असेल तर मूळ प्रमाणपत्राचा थंबप्रिंट (म्हणजे त्याचा हॅश) सीसीएच्या संकेतस्थळावरच्या प्रमाणपत्राशी पडताळा. आणि लाल फुली दिसली तर तो वेगळा मामला आहे. बहुतेक वेळा फाइल सहीनंतर बदललेली असते. ती स्वीकारू नका.

ही तपासणी क्रोममध्ये, मोबाइलच्या पीडीएफ ॲपमध्ये किंवा गूगल ड्राइव्हच्या प्रीव्ह्यूमध्ये करू नका. तिथे फक्त चित्र दिसतं. तुम्हाला सह्या ‘दिसल्या’ त्या बहुधा अशाच कुठेतरी.

टोकनमधल्या प्रमाणपत्राची मुदत संपल्यावर आजच्या सहीचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण वर्षाच्या कराराला तो लागू आहे. सहीतली वेळ एरवी तुमच्या कम्प्युटरच्या घड्याळातून येते, आणि घड्याळ कोणीही मागे-पुढे करू शकतं. म्हणून सही करताना टाइमस्टँप, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरने मारलेला वेळेचा शिक्का, घ्यावा. ज्या संस्थेकडून टोकन घेतलं तिच्याकडे टाइमस्टँप सर्व्हरचा पत्ता मागा आणि ॲक्रोबॅटच्या ‘प्रेफरन्सेस’, ‘सिग्नेचर्स’, ‘डॉक्युमेंट टाइमस्टँपिंग’मध्ये भरा. तिथेच ‘क्रिएशन अँड अपिअरन्स’मध्ये ‘इन्क्लूड सिग्नेचर्स रिव्होकेशन स्टेटस’ला खूण असू द्या. मग सही केली तेव्हा प्रमाणपत्र चालू होतं याचा पुरावा फाइलमध्येच राहतो.

तुमचं टोकन या घडीला कोणाकडे आहे? बऱ्याच छोट्या उद्योगांत ते कर सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये असतं, पिन लिहिलेल्या चिठ्ठीसकट. सल्लागार कितीही भरवशाचे असोत, ते परत आणा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 42 नुसार खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवायची जबाबदारी प्रमाणपत्रधारकाची आहे, आणि त्या टोकनने झालेली प्रत्येक सही कायद्याच्या नजरेत आधी तुमची धरली जाते. रिटर्न भरायच्या दिवशी टोकन घेऊन तासभर जाऊन बसणं परवडतं.

नाशिकच्या भागीदारांना टोकन नको असेल तर आधार ई-साइन हा रीतसर मार्ग आहे. 2015 पासून तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. डिजिओ, लीगॅलिटी, ईमुद्रा अशांच्या सेवेवर करार चढवायचा, त्यांना लिंक जाते, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि सही होते. मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा, ही मुख्य अट. नाव आधारवर जसं आहे तसंच सहीत येतं, तेव्हा करारातही तसंच घाला. पण कंपनीला ही सही चालते का ते आधी विचारा. काहींच्या नियमात फक्त क्लास 3 (सहीच्या प्रमाणपत्राचा एक वर्ग) टोकनच लिहिलेलं असतं.

स्टँप विसरू नका. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात ‘दस्ता’मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेखही येतो, त्यामुळे कागद नाही म्हणून मुद्रांक शुल्क माफ होत नाही. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात अनेक किरकोळ दस्तांवरचं 100 रुपयांचं शुल्क 500 झालं आहे. तुमच्या करारावर कुठलं कलम लागतं आणि रकमेप्रमाणे शुल्क वाढतं का, ते वकिलांकडून सहीच्या आधी ठरवून घ्या, कारण शुल्क भरल्याचा दाखला सही होण्यापूर्वी फाइलमध्ये यायला हवा. आणि डिजिटल सहीवर सगळंच होतं असं समजू नका. मृत्युपत्र आणि ट्रस्टचा दस्त यांना अजूनही कागद आणि शाई लागते. कुलमुखत्यारपत्रालाही लागते, अपवाद फक्त बँकेसारख्या नियामकाखालच्या संस्थांना दिलेल्या अधिकारांचा. वर्कशॉपची जागा भाड्याची असेल तर तिच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणीही वेगळी करावी लागते, नुसत्या सह्यांनी भागत नाही.

पाठवताना मेलला जोडून पाठवणं सगळ्यांत सरळ. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, तशी फाइल बदलत नाही. गूगल ड्राइव्हवरून द्यायचं असेल तर ‘जनरल ॲक्सेस’ ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवून कंपनीच्या माणसाचा मेल पत्ता ‘व्ह्यूअर’ म्हणून घाला. ‘एनीवन विथ द लिंक’ ठेवलं तर ती लिंक पुढे कोणाकोणाकडे गेली ते तुम्हाला कधीच कळणार नाही. फाइल ‘ओपन विथ गूगल डॉक्स’ने उघडू नका असंही त्यांना सांगा, त्याने वेगळी प्रत बनते आणि तिच्यात सही नसते.

ओळखीचे कागद जोडताना आधार मास्क केलेलंच द्या, त्यात फक्त शेवटचे 4 अंक दिसतात. बँक स्टेटमेंटमधल्या काही ओळी झाकायच्या असतील, तर वर काळी पट्टी ओढून काम होत नाही. पट्टीखालचा मजकूर तिथेच असतो, माउसने निवडून कॉपी केला की बाहेर येतो. लिबरऑफिसमध्ये ‘टूल्स’खाली ‘रिडॅक्ट’ आहे, त्यातून काढलेल्या पीडीएफमध्ये पान चित्र होऊन जातं आणि खाली काही उरत नाही. पाठवण्याआधी पट्टीवरून माउस फिरवून, कॉपी करून, नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. काही आलं तर फाइल पाठवू नका.

तिन्ही सह्या झालेली फाइल परत आली की तिच्या दोन प्रती ठेवा, एक कम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर, दोन्ही ‘रीड ओन्ली’ करून. रोजच्या वापराला हवी तर प्रिंट काढा, पण अस्सल कागद म्हणजे ती फाइल. प्रिंट ही तिची झेरॉक्स. कंपनीचा मूळ मेलही पुसू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅशही लिहायचा असतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘सर्टयूटिल’च्या ‘हॅशफाइल’ आज्ञेने एसएचए256 या पद्धतीचा हॅश काढता येतो. 64 अक्षरं येतील. ती आजच मेलमध्ये लिहून भागीदारांना पाठवून ठेवा.